किती पिल्ले, आणि कोणती? : सरड्याच्या अंड्याने विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

दरवर्षी जूनच्या आरंभी, पावसाची पहिली सर येण्यापूर्वी, चंबळ नदीच्या काठावरून एक बातमी येते : सुसरीची अंडी फुटली, इतकी पिल्ले बाहेर आली. त्याआधी उन्हाळ्यात ओडिशाच्या किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांची बातमी आलेली असते. या बातम्यांत आकडा ठळक असतो आणि तो वाचून आनंदही होतो. त्या पिल्लांत नर किती आणि मादी किती, हे मात्र त्यात बहुधा नसते. यात वार्ताहरांचा दोष नाही. नुकत्याच जन्मलेल्या सुसरीकडे किंवा कासवाकडे पाहून ती नर आहे की मादी, हे तज्ज्ञालाही सहज सांगता येत नाही.

तरीही एखाद्या जातीचे भवितव्य या अनुत्तरित प्रश्नावर अवलंबून असू शकते. हा प्रश्न प्रथम विचारला तो ना मगरीने, ना कासवाने. तो विचारला एका सामान्य सरड्याच्या अंड्याने. ही गोष्ट पश्चिम आफ्रिकेतील डकार, ओडिशातील टिकरपाडा, मद्रासजवळचा समुद्रकिनारा, वाराणसी आणि धारवाड अशा दूरदूरच्या ठिकाणी विखुरलेली आहे. ती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न.

कोंबडीचे अंडे आणि सरड्याचे अंडे

पक्ष्यांची अंडी कृत्रिम उष्णतेने उबवण्याची कला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये भट्टीच्या उबेवर कोंबडीची अंडी उबवण्याची परंपरा दोन हजार वर्षांहून प्राचीन आहे. त्यामुळे ‘अंडी उबवणे’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोंबडीच येते : साडेसदतीस अंशांच्या आसपासचे तापमान, एकवीस दिवस, आणि दिवसातून अनेकदा अंडी फिरवणे. कोंबडी स्वतः चोचीने अंडी उलटीपालटी करते. यंत्रातही तेच करावे लागते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटण्याचा धोका असतो.

हाच अनुभव घेऊन कोणी प्रथमच सरड्याचे, कासवाचे किंवा मगरीचे अंडे उबवायला घेतले, तर त्याच्या पदरी बहुधा मेलेले गर्भच पडतात. पक्ष्याच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी सांभाळून धरणारे पिळाचे दोर असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात ते नसतात. तेथे गर्भ बलकाच्या वरच्या भागी स्थिरावतो आणि लवकरच कवचाच्या आतल्या पडद्याशी जोडला जातो. त्यानंतर अंडे उलटे झाले की गर्भ बलकाच्या भाराखाली येतो आणि दगावतो. म्हणून घरट्यातून अंडी हलवताना प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करतात आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहील याची काळजी घेतात. जगातील प्रत्येक मगर-प्रकल्पात नव्या माणसाला बहुधा हाच धडा आधी दिला जातो.

दुसरा फरक पाण्याचा. कोंबडीच्या अंड्यात गर्भाला लागणारे सर्व पाणी पहिल्या दिवसापासून असते आणि उबवणीत त्यातले काही कमी होत जाते. बहुतेक सरड्यांच्या अंड्यांचे कवच मात्र मऊ, चर्मपत्रासारखे असते. ते भोवतालच्या ओल्या मातीतून पाणी शोषते, आणि अंडे दिवसागणिक फुगत जाऊन वजनानेही वाढते. माती कोरडी पडली तर ते सुरकुतते आणि पाणी साचले तर गुदमरते. घरातील पालीसारख्या काही जातींची अंडी कडक कवचाची असतात. त्यांना ओल्या मातीची गरज भासत नाही, म्हणूनच ती आपल्याला फळीमागे किंवा तसबिरीमागे सापडतात.

तिसरा फरक तापमानाचा, आणि या लेखाचा विषय तोच आहे. सरड्याची किंवा सुसरीची मादी आपल्या अंगाच्या उबेने अंडी उबवत नाही. ती जागा निवडते, खड्डा खणते, अंडी पुरते. पुढचे काम सूर्य आणि माती करतात. त्यामुळे त्या गर्भाच्या वाट्याला एकच ठरावीक तापमान येत नाही. खड्ड्याची खोली, सावली, पावसाची सर आणि महिना यांनुसार ते बदलत राहते. या बदलाचा परिणाम उबवणीच्या दिवसांवर होतो, एवढेच बराच काळ ठाऊक होते.

अहमदाबादचा बागसरडा

भारतात अंगणात, कुंपणावर, बाभळीच्या खोडावर सर्वत्र दिसणारा सरडा म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलर. विणीच्या हंगामात नराचे डोके व गळा लालबुंद होतो. त्यावरून इंग्रजांनी त्याला ‘रक्तपिपासू’ असे नाव दिले, जरी तो कोणाचे रक्त पीत नाही. १८०२ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दोदँ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे भारतीय सरड्यांवर जे लिहिले गेले, ते बहुतांश वर्णन आणि वर्गीकरण होते. माल्कम स्मिथ यांचा ब्रिटिश भारतातील सरड्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. त्याची मोलाची भरही प्रामुख्याने याच अंगाची होती.

जिवंत सरड्याच्या आयुष्यक्रमाकडे लक्ष देणाऱ्या भारतीय अभ्यासकांत अहमदाबादचे प्राणिशास्त्रज्ञ जे. जे. असाना यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या सरड्याच्या जीवनक्रमावर निबंध प्रसिद्ध केला आणि १९४१ मध्ये त्याच्या अंडी घालण्याच्या सवयींवर आणखी निरीक्षणे नोंदवली. मादी मऊ जमीन शोधते, पुढच्या पायांनी खड्डा उकरते, त्यात अंडी घालते, माती लोटून तो बुजवते आणि जागा ओळखू येणार नाही इतकी ती दाबून सपाट करते. मग ती निघून जाते आणि पुन्हा त्या अंड्यांकडे फिरकत नाही.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा सरडा सोयीचा ठरला. तो सर्वत्र मिळतो, एका वेळी दहा-वीस अंडी घालतो आणि ती ओलसर माती किंवा कापसावर उबवता येतात. १९७० मध्ये व्ही. आर. मुथुकरुप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरड्याच्या गर्भवाढीचे ४२ टप्पे निश्चित करून ‘जर्नल ऑफ मॉर्फॉलॉजी’ मध्ये प्रसिद्ध केले. डोळा कोणत्या टप्प्यावर दिसतो, पायाचा अंकुर केव्हा फुटतो, बोटे केव्हा सुटी होतात, याचा हा पहिला पद्धतशीर नकाशा. पुढची अनेक वर्षे भारतातील गर्भशास्त्राच्या प्रयोगशाळांनी याच नकाशाच्या आधारे काम केले. त्यात उबवणीचे तापमान ही मात्र केवळ सोयीची बाब मानली जात होती.

डकारमधील तीन पाने

या नकाशाच्या चार वर्षे आधी, १९६६ मध्ये, सेनेगलमधील डकार येथे मादलेन शार्निए या संशोधिकेने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांचा प्राणी होता आगामा आगामा, म्हणजे आपल्या बागसरड्याच्याच कुळातला आफ्रिकी सरडा. अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवून त्यांनी गर्भांच्या जननग्रंथी तपासल्या. सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या निघाल्या आणि एकोणतीस अंशांच्या आसपास नर.

या निष्कर्षाचे धाडस आज सहज जाणवत नाही. लिंग गुणसूत्रांनी ठरते, फलनाच्या क्षणीच ठरते आणि नंतर बदलत नाही, ही तेव्हा जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील पक्की समजूत होती. सस्तन प्राण्यांत एक्स आणि वाय, पक्ष्यांत झेड आणि डब्ल्यू. शार्निए यांचे सरडे मात्र सांगत होते की अंडे घातले जाते तेव्हा लिंगाचा निर्णय झालेलाच नसतो, तो मातीच्या उबेवर सोपवलेला असतो.

फ्रेंच भाषेतील हा जेमतेम तीन पानांचा निबंध बराच काळ दुर्लक्षित राहिला. शंका घेण्याला वावही होता. एखाद्या तापमानात फक्त माद्याच जगत असतील आणि नर गर्भ आधीच मरत असतील, तर निकाल असाच दिसला असता. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये क्लोद पिओ यांना कासवांत तापमानाचा असाच परिणाम आढळला. १९७९ मध्ये जेम्स बुल आणि रिचर्ड व्होग्ट यांनी अमेरिकेतील कासवांवर मोठ्या संख्येने प्रयोग करून ‘सायन्स’ मध्ये लिहिले की हा परिणाम खरा आहे, गर्भमृत्यूमुळे निर्माण झालेला आभास नव्हे. १९८२ मध्ये मार्क फर्ग्युसन आणि टेड जोआनेन यांनी अमेरिकी अ‍ॅलिगेटरबद्दल ‘नेचर’ मध्ये दाखवले की तीस अंशांखाली सर्व माद्या आणि चौतीस अंशांवर सर्व नर निपजतात. सरड्याने विचारलेला प्रश्न सोळा वर्षांनी मगरींच्या कुळापर्यंत पोहोचला होता.

टिकरपाडा, कुकरैल आणि न विचारलेला प्रश्न

या तारखा भारताच्या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. १९७० च्या दशकाच्या मध्यास देशातील रानटी सुसरींची संख्या दोनशेच्याही खाली गेल्याचा अंदाज होता. कातड्यासाठी शिकार, मासेमारीची जाळी, धरणे आणि वाळूउपसा यांनी हा प्राणी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आणला होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ रॉबर्ट बस्टर्ड यांच्या सल्ल्याने १९७५ मध्ये भारत सरकारने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. ओडिशात महानदीच्या सातकोसिया घळीतील टिकरपाडा आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळील कुकरैल ही त्यातील दोन प्रमुख केंद्रे. टिकरपाड्याला नेपाळमधील नारायणी नदीवरून अंडी आणावी लागली, कारण महानदीत पुरेशी घरटीच उरली नव्हती. कुकरैलला अंडी आली ती चंबळच्या वाळूतून.

कामाची रीत साधी, पण कष्टाची होती. मार्च-एप्रिलमध्ये मादीने वाळूत घातलेली अंडी शोधायची, माथ्यावर खूण करायची, घरट्यातील वाळूतच रचून ती न हलवता केंद्रावर आणायची आणि तेथे पुन्हा वाळूत पुरायची. सुसरीचे एकेक अंडे सुमारे दीडशे ग्रॅमचे, मगरकुळातील सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी. साधारण दोन-अडीच महिन्यांनी पिल्ले कवचाच्या आतूनच आवाज देऊ लागतात. मग त्यांना काही वर्षे वाढवून, सुमारे एक मीटर वीस सेंटिमीटर लांबी झाल्यावर नदीत सोडायचे. निसर्गात कोल्हे, घोरपडी, पूर आणि मोठे मासे यांतून फार थोडी पिल्ले तरतात. हा नाजूक काळ माणसाने सांभाळला तर संख्या वाढेल, हा त्यामागचा विचार.

तो विचार सफल झाला. चंबळमध्ये सुसर पुन्हा दिसू लागली. १९८० मध्ये भुवनेश्वरजवळील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात सुसरीची बंदिवासातील पहिली वीण झाली. त्यासाठी नर फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणावा लागला होता. जगातील सुसरींचे मुख्य माहेर असलेल्या देशाला एका नरासाठी जर्मनीकडे पाहावे लागले, या घटनेतच पुढच्या प्रश्नाची चाहूल होती.

टिकरपाड्याच्या वाळूत पहिली अंडी पुरली गेली तेव्हा डकारचा निबंध नऊ वर्षांचा झाला होता. मगरकुळाबाबत मात्र तोपर्यंत जगात कोठेही काही सिद्ध झालेले नव्हते. म्हणून ‘अंडी जगतील का’ हा प्रश्न सर्वांनी विचारला आणि ‘कोण जन्मेल’ हा कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर लगेच मिळणेही शक्य नव्हते. प्रौढ नर सुसरीच्या तोंडाच्या टोकावर मडक्यासारखा उंचवटा येतो, त्या ‘घड्या’वरूनच तिला घडियाल हे नाव मिळाले. तो उंचवटा यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे १९७५ च्या उबवणीत काय घडले, हे नदीने सांगण्यापूर्वी एक दशक उलटणार होते.

मद्रासची दीड अंशाची गोष्ट

भारतातील मगरीबाबतचे उत्तर मद्रासजवळ सापडले. रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरी भरपूर अंडी घालू लागल्या होत्या. जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी ती अंडी वेगवेगळ्या स्थिर तापमानांत उबवली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अठ्ठावीस ते एकतीस अंशांपर्यंत फक्त माद्या. साडेबत्तीस अंशांना फक्त नर. साडेएकतीस, बत्तीस आणि तेहेतीस अंशांना दोन्ही, कमीअधिक प्रमाणात.

हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. सर्व माद्या आणि सर्व नर यांच्यात अंतर आहे अवघे दीड अंशाचे. घरट्यावर झाडाची फांदी आली, खड्डा चार बोटे अधिक खोल झाला किंवा उबवणीच्या खोलीवर पत्र्याऐवजी कौले घातली, तरी एवढा फरक पडू शकतो. सुसरीतही तापमानाचा असाच प्रभाव असल्याचे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले. संवर्धन केंद्रातील तापमापक म्हणजे केवळ पिल्ले जगवण्याचे साधन नव्हते. ते नकळत लोकसंख्येचे धोरण ठरवत होते.

समुद्री कासवांच्या बाबतीत हा इशारा आधीच आला होता. १९८२ मध्ये ‘सायन्स’ मधील एका निबंधाने दाखवले की किनाऱ्यावरून अंडी उचलून थंड जागी किंवा थर्मोकोलच्या पेट्यांत उबवण्याच्या प्रचलित पद्धतीने पिल्लांतील लिंगप्रमाण बिघडू शकते. कासवांत नियम उलटा आहे : उबदार वाळूत माद्या, थंड वाळूत नर. सदिच्छेने केलेली उबवणी नरांचेच तांडे समुद्रात सोडत असेल, तर तिला संवर्धन म्हणावे का, हा बोचरा प्रश्न तेथे उभा राहिला.

भारतात या प्रश्नावर पहिले काम ओडिशातच झाले. प्रियंवदा मोहंती हेजमाडी या उत्कल विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आणि ओडिसी नृत्याच्या नामवंत कलावती. १९५० च्या दशकात दिल्लीच्या युवक महोत्सवातील त्यांच्या नृत्याने ओडिसीकडे देशाचे लक्ष वेधले होते. त्यांनी एम. टी. डायमंड यांच्या सहकार्याने गहिरमाथाच्या ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी अभ्यासली आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात या जातीत तापमानाने लिंग ठरते हे मांडले. संवर्धनाच्या कामात त्याचा अर्थ काय होतो, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. आज चेन्नईच्या किनाऱ्यावर किंवा कोकणात वेळासला कासवांची अंडी कुंपणात हलवली जातात, तेव्हा खड्ड्याची खोली आणि सावली यांचा जो विचार व्हायला हवा, त्याचे मूळ अशा अभ्यासांत आहे.

पुन्हा सरड्याकडे : वाराणसी आणि धारवाड

कासव आणि मगर यांचे उत्तर मिळाले, पण आपल्या अंगणातील सरड्याचे काय? इथे इतिहास गुंतागुंतीचा होतो.

बनारस हिंदू विद्यापीठाला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गुणसूत्रांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. पुढे भारतात डीएनए ठसेतंत्र विकसित करणारे लालजी सिंह यांचे आरंभीचे संशोधन तेथेच सापांच्या गुणसूत्रांवर झाले. याच विद्यापीठातील एस. गणेश आणि राजीव रमण यांनी १९९५ मध्ये बागसरड्यावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सरड्यात ओळखता येतील अशी लिंगगुणसूत्रेच नाहीत. तरीही त्यांच्या प्रयोगांत तापमान बदलून लिंग बदलले नाही. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाने मात्र ते बदलले. म्हणजे गुणसूत्रांत खूण नाही आणि तापमानाचाही हात दिसत नाही.

२०१२ मध्ये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील एल. एस. इनामदार-दोड्डमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका उलटा निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते या सरड्यात तापमानाने लिंग ठरते, तेही आजवर न पाहिलेल्या क्रमाने : तापमान वाढत जाईल तसे मादी, नर, पुन्हा मादी, पुन्हा नर. इतर प्राण्यांत आढळलेल्या क्रमांपेक्षा हा वेगळा असल्याने त्यांनी तो ‘संभाव्य नवा’ म्हणून मांडला.

एकच प्राणी, दोन नामांकित विद्यापीठे, दोन विरुद्ध उत्तरे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी कोण चुकले हे ठरवण्याची घाई करू नये. कोणती तापमाने तपासली, किती अंडी होती, किती गर्भ मेले, अंडी घातली जाण्यापूर्वी मादीच्या पोटात गर्भ कितपत वाढला होता, या प्रत्येक गोष्टीने निकाल बदलू शकतो. शिवाय २०२१ मध्ये आणखी एक शक्यता समोर आली. भारतीय संशोधकांचा सहभाग असलेल्या एका वर्गीकरणविषयक अभ्यासाने दाखवले की ज्याला आपण कॅलोटिस व्हर्सिकलर म्हणत होतो, ती एक जात नसून अनेक जातींचा समूह आहे. दक्षिण भारतातील सरडा आणि पूर्वेकडील गंगेच्या मैदानातील सरडा यांना आता वेगळी नावे आहेत. वाराणसी आणि धारवाड येथील अंडी वेगवेगळ्या जातींची असतील, तर उत्तरे भिन्न येण्यात आश्चर्य ते काय? हे अद्याप अनुमानच आहे. पण ते प्रयोगाने तपासता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी लागणारा प्राणी आपल्या महाविद्यालयांच्या कुंपणावरच बसलेला असतो.

आत घडते काय?

तापमान गर्भाशी बोलते ते कसे, याचा उलगडा अलीकडे होऊ लागला आहे. गर्भाची जननग्रंथी आरंभी उभयपक्षी असते, तिचे वृषणही होऊ शकते आणि अंडाशयही. साधारणपणे उबवणीचा मधला तिसरा हिस्सा निर्णायक ठरतो. २०१८ मध्ये लाल कानाच्या कासवावर झालेल्या संशोधनात आढळले की थंड तापमानात केडीएम६बी नावाचे जनुक अधिक सक्रिय असते आणि ते नरत्वाकडे नेणाऱ्या डीएमआरटी१ या जनुकाची कुलुपे उघडते. त्याची क्रिया कमी केली, तर थंडीतही नरांऐवजी माद्या होऊ लागतात.

ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा तर आणखी विलक्षण. त्याला लिंगगुणसूत्रे आहेत, पण अंडी फार उष्ण राहिली तर गुणसूत्रांनी नर असलेला गर्भ मादी होतो. हे प्रयोगशाळेत २००७ मध्ये आणि रानात २०१५ मध्ये सिद्ध झाले. अशा मादीची पिल्ले केवळ तापमानावर नर किंवा मादी ठरतात. म्हणजे गुणसूत्रांची राजवट एका पिढीत संपून तापमानाची सुरू होऊ शकते.

हा सरडा आणि लेपर्ड गेको ही पाल आज जगभर पाळीव प्राणी म्हणून पैदास केली जाते. या पालीला शास्त्रीय नाव दिले ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतील संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ यांनी, १८५४ मध्ये. तिची अंडी सव्वीस अंशांना माद्या देतात, साडेबत्तीसला बहुतांश नर आणि चौतीसला पुन्हा बहुतांश माद्या. पहिल्यांदाच अशी अंडी उबवणारा पाळणारा पेटीवरील खटका फिरवतो, तेव्हा तो पिल्लांचे लिंगही ठरवत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतात घोरपडीसह अनेक सरपटणाऱ्या जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांची अंडी उचलणे हा छंद नसून गुन्हा आहे.

बातमीत नसलेला रकाना

२००७ मध्ये सुसरीची नोंद जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. बत्तीस वर्षांच्या उबवणीनंतरही ही वेळ आली, कारण अंडे फुटणे म्हणजे जात तरणे नव्हे. नदी वाहती हवी, वाळूचा काठ शिल्लक हवा, जाळी नसावीत, आणि प्रौढ नर व माद्या योग्य प्रमाणात हवेत. ज्या सातकोसियात हा प्रवास सुरू झाला, तेथे सोडलेल्या शेकडो पिल्लांपैकी फार थोडी टिकली. नैसर्गिक घरट्यातून पिल्ले बाहेर येण्याचा सोहळा तेथे सुमारे चार दशकांनी, २०२१ मध्ये झाला.

आता तापमानवाढीने हा जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे. दीड अंशाने जगाचे सरासरी तापमान वाढणे ही आंतरराष्ट्रीय वाटाघाटीतील एक मर्यादा आहे. मगरीच्या अंड्यात तेवढ्याच अंतरात सर्व माद्यांपासून सर्व नरांपर्यंतचा प्रवास होतो. हे प्राणी कोट्यवधी वर्षांत अनेक उष्ण-शीत कालखंडांतून तरले आहेत. माद्या घरट्याची जागा बदलतात, खोली बदलतात, वेळ बदलतात. पण त्यासाठी निवड करायला काठ शिल्लक असावा लागतो. सिमेंटच्या तटबंदीने बांधलेल्या नदीला आणि भिंत घातलेल्या किनाऱ्याला सावली-उन्हाची, खोल-उथळ अशी विविधता देता येत नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक उबवणी केंद्रात अंड्यांच्या शेजारी तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवता येते. सर्व अंडी एकाच खोलीत, एकाच सावलीत न ठेवता नैसर्गिक घरट्यांप्रमाणे त्यांत फरक राखता येतो. नैसर्गिक घरटी जेथे सुरक्षित राहू शकतात तेथे ती न हलवणे हा सर्वांत उत्तम मार्ग. आणि दरवर्षीच्या नोंदवहीत पिल्लांच्या संख्येशेजारी उबवणीच्या मधल्या काळातील तापमानाचा एक रकाना वाढवता येतो. पंधरा वर्षांनी जेव्हा त्या पिल्लांपैकी एखाद्याच्या तोंडावर घडा उमटेल किंवा उमटणार नाही, तेव्हा तो रकाना उघडून पाहता येईल.

पुढच्या जूनमध्ये चंबळची बातमी वाचताना आकड्याचे स्वागत अवश्य करावे. त्याबरोबर एवढेच विचारावे की त्या वाळूचे तापमान किती होते.